गप्प माणसाची वाक्यं

६ जानेवारी

चि. टकटक हिस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक कुठवर आलं असं विचारलंस. ये रे माझ्या मागल्या. पहिलं प्रकरण काल पुन्हा फाडलं. कितव्यांदा ते विचारू नकोस, मीही मोजणं सोडून दिलंय.

दिवसभर दुकानात लोकांचे कपडे उसवायचे आणि पुन्हा शिवायचे, हा माझा धंदा. हाताला तेच वळण लागलंय. दुपारी मालकीणबाई जेवायला घरी जातात, तेवढा वेळ कापायचं टेबल माझं. लांबी कमी करायला आलेल्या पँटींचा ढीग बाजूला सारते, लिहायला बसते, आधी काल लिहिलेलं वाचते, आणि तिथेच घोडं पेंड खातं. एक शब्द खटकतो. तो काढला की शेजारचा सैल वाटायला लागतो. तोही काढला की अख्खी ओळ हातात येते. तोवर मालकीणबाई जिना चढत असतात.

काय लिहायचं ते तुला ठाऊक आहे. एका घरात एक बाई आणि एक माणूस. माणूस चांगला आहे. जगाशी हसून बोलतो, फक्त राग आला की बायकोशी मिठाची गुळणी धरतो. एक-दोन दिवस नाही, महिनेच्या महिने. तुझा भाऊ गेला तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण मला सांगत होता की किती शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. मी मान हलवत होते. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आवाज त्यांनी कधी चढवलाच नाही. पण ते तसंच राहिलं तर माझी सगळी वर्षं त्या एका शांत माणसाच्या खाली पुरली जातील. म्हणून लिहायचंय. त्यांची बदनामी करायला नाही. तसलं घर आतून कसं असतं ते कुणालातरी कळावं म्हणून.

पण नमनालाच घडाभर तेल, तर पुढचं कधी होणार? आता वाटतं सोडून द्यावं. उरलेले कोरे कागद बटणांच्या पुड्या बांधायला उपयोगी पडतील.

गुडघ्याला तेल लावत जा. आळस करू नकोस.

तुझी,
वहिनी


१५ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कागदांच्या पुड्या बांधल्यात तर मी तिथे येऊन त्या सोडेन आणि बटणं तुमच्याकडून मोजून घेईन.

तुमचं दुखणं लिहिण्याचं नाही, वाचण्याचं आहे. लिहिलेलं हाताशी राहतं, म्हणून तुम्ही ते उसवता. ते हाताशी राहिलंच नाही तर? तर माझा बेत असा. जेवढं लिहाल तेवढं मला पाठवायचं. प्रत ठेवायची नाही. मी टाइप करते आणि तुमचे हाताचे कागद सरळ रद्दीत टाकते, म्हणजे परत मागायची सोयच नको. तुम्हाला मिळेल फक्त शेवटचं वाक्य, सूत जुळवून पुढे जायला. पुस्तक पुरं होईपर्यंत मागचं पान दिसणार नाही. आणि फोनवर पुस्तकाचं नाव काढायचं नाही. तुम्ही फोनवर इतकं छान सांगता की मग लिहायचं राहूनच जातं.

मी बदल करेन अशी धास्ती नको. सगळी नोकरी कोर्टात जबाब टाइप करण्यात गेली. साक्षीदार अडखळला तर अडखळणंही टाइप केलंय. एका चोराचा जबाब इतका बाष्कळ होता की साहेबांनासुद्धा हसू आवरेना, मी स्वल्पविराम हलवला नाही. तेव्हा शेंडी तुटो की पारंबी, पहिलं प्रकरण पुन्हा लिहा आणि होईल तसं पाठवा.

गुडघा ठीक आहे. तेल लावते असं म्हणायला हरकत नाही.

तुमची,
टकटक


२० फेब्रुवारी

चि. टकटक,
अनेक आशीर्वाद.

चौथं प्रकरण सोबत आहे. शाबासकी नको, चिडलेली आहे मी.

शाळेचे गणवेश आलेत. टेबलावर हात ठेवायला जागा नाही. दुपारची वेळही गेली, कारण मालकीणबाई आता डबा दुकानातच आणतात आणि माझ्यासमोर बसून त्यांच्या जावयाबद्दल बोलतात. हे प्रकरण मी ट्रायलच्या खोलीत, पडदा ओढून, स्टुलावर बसून लिहिलंय. दोनदा गिऱ्हाइकाने पडदा सरकवला. एकाने विचारलं की आत अजून किती वेळ लागेल. मी म्हटलं की मलाही तेच कळत नाहीये.

आमच्या मुलाचा फोन होता. आई, तुझं ते काम चालू आहे का, असं विचारत होता. ते काम. जणू मी नळ दुरुस्त करून घेतेय.

तू धाडतेस त्या एकेका वाक्याने डोकं भणाणतं. एखाद्या घराच्या दाराची कडी तेवढी दाखवावी आणि आत जा म्हणावं, तसं. मागे काय लिहिलंय ते आठवत नाही. बाईची बहीण धाकटी केली होती की थोरली? निदान पहिल्या प्रकरणाचं एक पान पाठव. एकच. हात नाही लावणार.

तुझी,
वहिनी


१ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

बहीण धाकटी. पान मिळणार नाही. हात लावणार नाही असं तुम्ही म्हणता आणि कात्री कुठे आहे ते शोधता, मी ओळखून आहे.

चौथ्याचं शेवटचं वाक्य: ‘तिने दोन्ही ताटं पुसली आणि एकच मांडलं.’

टाइप करता करता एक मनात आलं, रागावू नका. तो माणूस फारच गप्प आहे. वाचणारा कंटाळेल. अधूनमधून एखादं वाक्य बोलला तर बिघडेल का? अगदी किरकोळ. किल्ली कुठे आहे, असं काहीतरी. कितीही अबोल माणूस असला तरी किल्ली विचारतोच.

इथे सगळं ठीक. समोरच्या इमारतीत कुणी व्हायोलिन शिकतंय, त्यामुळे मी तुमची प्रकरणं खिडकी लावून टाइप करते.

तुमची,
टकटक


१४ मार्च

चि. टकटक,
अनेक आशीर्वाद.

नाही. किल्लीसुद्धा नाही. तो घरात बायकोशी एक शब्द बोलत नाही, हेच पुस्तक आहे. त्यांना किल्ली लागायची तेव्हा ते कपाट उघडून उभे राहायचे, मी उठून देईपर्यंत. वाचणारा कंटाळला तर कंटाळू दे. मी नाही का कंटाळले?

मधले दिवस काहीच झालं नाही. टेबल मिळालं तर डोकं चालत नाही, डोकं चाललं तर झिपा बसवायच्या असतात. काल दुपारी अर्धं पान लिहिलं आणि तेवढ्यात एक बाई कोटाचं अस्तर फाटलं म्हणून रडत आली. तिच्यावर ओरडले. मग मालकीणबाई माझ्यावर ओरडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तरी पाचवं पाठवतेय. चांगलं झालं नाही. पण तुझ्या नियमाने ते मला माहीत नसायला हवं.

तुझी,
वहिनी


२ एप्रिल

टकटक,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर.

पाचव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य म्हणून तू जे पाठवलंस ते माझं नाही. ‘“दमलीस का?” असं विचारून तो आतल्या खोलीत गेला.’ तो आतल्या खोलीत गेला, एवढंच मी लिहिलं होतं. मला मागचं आठवत नाही हे खरं, पण हे आठवतं. कारण त्या वाक्यात तो काय करत नाही ते लिहू की नको, यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती.

सगळी पानं कुरियरने पाठव. नियम गेला खड्ड्यात.

वहिनी


१३ एप्रिल

टकटक,

वाचलं.

दुसऱ्या प्रकरणापर्यंत ठीक आहे. पुढे तो माणूस तोंड उघडतो, आणि मग काही थांबायचं नाव घेत नाही. चष्मा पुसून देतो आणि म्हणतो की आता बघ, नीट दिसेल. छत्री विसरलीस म्हणून जिन्यातून हाक मारतो. बाईची बहीण येते तेव्हा तिला म्हणतो की बस जरा, एवढी काय घाई. अगं, मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत राहिले, त्यांनी कुणाला जिन्यातून हाक मारलेली मी ऐकली नाही. हा कोण माणूस आणून बसवलास माझ्या घरात?

चोराच्या जबाबातला स्वल्पविराम हलवला नाहीस आणि माझ्या पुस्तकात भाषणं घातलीस. कुंपणानेच शेत खाल्लं. मी तुझ्यावर विसंबून रोज पडद्याआड बसून लिहीत होते, आणि तिकडे तू तेच करत होतीस जे भेटायला आलेले लोक करत होते. शांत माणूस, भला माणूस. तू तर त्यांच्याही पुढे गेलीस.

आणि मूर्खपणा माझा असा की हाताचे कागद रद्दीत गेलेत. कुठलं वाक्य माझं आणि कुठलं तुझं हे आता मलाच सांगता येत नाही. काही वाक्यं चांगली आहेत, आणि ती तुझी असतील या विचाराने मला आणखी संताप येतो.

मी आता लिहिणार नाही. हे चिडून म्हणत नाही, म्हणजे चिडलेली आहेच, पण ते वेगळं. पुन्हा पहिल्यापासून लिहायचं बळ माझ्यात नाही. दुकानात सगळ्यांना माहीत आहे की मी काहीतरी लिहिते. आता त्यांना सांगावं लागेल की संपलं. संपलं म्हणजे पुरं झालं असंच त्यांना वाटेल.

वहिनी


२१ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणता ते सगळं कबूल. माफी मागितली तर ती तुम्हाला पुरणार नाही, तरी मागते.

का केलं ते सांगते. तुम्हाला वाटतं की दादा माझ्याशी शेवटची वर्षं बोलला नाही ते मी वेगळी जागा घेतली म्हणून. घरात सगळ्यांना तसंच सांगितलं गेलं, मीही तेच सांगितलं. खरं वेगळं आहे. मी एकदा त्याला म्हटलं होतं की वहिनीशी बोल, ती वाळत चालली आहे. एकदाच म्हटलं. त्याने पेपर खाली ठेवला, उठला, आणि त्या दिवसापासून माझ्याशीही बंद. मग मी जागा घेतली. आधी नाही.

दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसत होते ते तुम्ही पाहिलंय. तो भिंतीकडे तोंड करायचा. नर्सशी बोलायचा, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पाणी हवंय का विचारायचा. मी वाट बघत होते. शुद्धीवर असेपर्यंत एकदा तरी म्हणेल, बस जरा, एवढी काय घाई. नाही म्हणाला. तुमच्या पुस्तकात बहीण दारात आली तेव्हा तो तसाच बसलेला, मान खाली. माझी बोटं पुढे जाईनात. मग मीच ते वाक्य टाइप केलं. त्यानंतर हात थांबला नाही. प्रकरण आलं की वाटायचं, आज काय बोलेल.

त्याला चांगला ठरवायचं माझ्या मनात नव्हतं वहिनी. त्याचा आवाज ऐकायचा होता.

माझी वाक्यं मला एकूण एक पाठ आहेत. पानं तुमच्याकडे आहेत. तुम्हाला संशय येईल त्या प्रत्येक ओळीखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारा आणि पाठवा. मी खरंखोटं सांगेन आणि माझं काढून टाकेन. माझ्यावर विश्वास ठेवायचं आता काही कारण उरलेलं नाही, पण दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

लिहिणं सोडू नका. मी नालायक निघाले म्हणून तुमचं पुस्तक का मरावं?

तुमची,
टकटक


४ मे

टकटक,

पानं पाठवतेय. तो जिथे जिथे बोलतो तिथे रेघ मारली आहे. संशयाचा प्रश्नच नाही, तो बोलला की ते तुझं. सगळं काढ. पंख्याचं, किल्लीचं, छत्रीचं, सगळं.

पेपर खाली ठेवून उठले ते मला माहीत नव्हतं. तू हे मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस, यावरही मी रागावले आहे. त्यावर कधीतरी बोलू, फोनवर. लिहून मला जमणार नाही. पुस्तकाचं जमत नाही आणि हे कुठून जमणार.

पानं परत आल्यावर बघेन. लिहीनच असं म्हणत नाही.

वहिनी


१२ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काढली सगळी. काढताना वाचत गेले नाही, सरळ खोडत गेले, नाहीतर झालं नसतं. आता तो पुन्हा गप्प आहे.

एक मात्र ठेवलंय, कारण ते माझं नाही. तिसऱ्या प्रकरणात बाई तापाने पडलेली असते, तो खोलीत येतो आणि म्हणतो, ‘पंखा लावू का?’ तुम्ही रेघ मारली आहे. पण ते तुमच्या हातचं होतं. मला अक्षर आठवतं. दोन ओळींच्या मधे, बारीक, नंतर घुसडलेलं, शाई जरा वेगळी. टाइप करताना मी दचकले होते, म्हटलं वहिनींनी याला बोलायला लावलं. मग माझीही भीड चेपली. मला वाटलं होतं की तुम्हाला आठवत असेल, आणि मुद्दामच त्याबद्दल काही म्हणत नसाल. रद्दी गेली, त्यामुळे दाखवायला काही नाही. माझा शब्द आहे, तो किती खपतो ते तुम्ही ठरवा.

ठेवू की काढू?

तुमची,
टकटक


३० मे

चि. टकटक हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी तू खोटं बोलतेस असं ठरवून टाकलं आणि तसं पत्र लिहिलंही. मग ते फाडलं. तुझं खोटं असतं तर तू निदान त्याच्या तोंडी याहून बरं वाक्य घातलं असतंस.

मीच लिहिलंय. परवा पडद्याआड बसले होते, हातात एका माणसाचा कोट होता, आणि मला ती दुपार आठवली. त्या प्रकरणात जे होतं ते खरंच झालं होतं. मला ताप होता. हे आत आले, भिंतीवरच्या बटणापाशी उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि परत गेले. पंखा लागला नाही. काही बोलणं झालं नाही. ते तसंच लिहून मी पाकिटात घातलं होतं. टपालात टाकायच्या आधी पाकीट उघडलं आणि दुकानातलं पावत्यांचं पेन घेऊन मधे तेवढं घुसडलं. मालकीणबाईंनी हाक मारली, पाकीट चिकटवलं आणि विसरून गेले. म्हणजे तुला कुंपण म्हणायच्या आधी मीही थोडं शेत खाल्लं होतं.

फार राग आला. तुझा नाही. मी एवढं मोठ्याने सांगत फिरतेय की तो एक शब्द बोलत नाही, आणि माझ्याच हाताला ते सहन झालं नाही. तिसऱ्याच प्रकरणात. ते समोर असते तर म्हटलं असतं, बघा, मेलात तरी तुमच्याकडून एक वाक्य काढायला मला असं चोरून लिहावं लागतं.

तर आता असं कर. तुझी सगळी काढलीस ते बरोबर केलंस. माझं एक राहू दे. खोटं आहे, पण माझं आहे, आणि पुस्तक माझं आहे. वाचणाऱ्याला वाटेल की तो एकदा बोलला. वाटू दे. बाईलाही तापात तसंच वाटलं असेल.

बहिणीशी मात्र तो माझ्या पुस्तकात बोलणार नाही. मला ते लिहिता येत नाही गं, मी प्रयत्न केला. तुझ्यासाठी म्हणून काल दोन तास केला. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तुला त्याचा आवाज ऐकायचा असेल तर तो तुलाच लिहावा लागेल, तुझ्या कागदावर, तुझ्या नावाने.

सोबत सहावं प्रकरण आहे. बहीण पुन्हा दारात येते. तो मान वर करत नाही. ती उभी राहते, आणि यावेळी लगेच निघून जात नाही. जसंच्या तसं टाइप कर. हात थांबला तर थांबू दे, व्हायोलिन ऐक, आणि मग कर.

राग अजून आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळून असावं.

तुझी,
वहिनी